काचेचं कापड आणि चार एकर वारा

सोलापूरहून तुळजापूरकडे निघालेल्या रस्त्यावर एखाद्या रात्री वाहतूक तुंबते. पुढे पिवळा दिवा गरगरवणारी एक जीप, तिच्यामागे ट्रकचं तोंड, आणि त्यामागे अंधारात काहीतरी पांढरं सरकत राहतं. संपेल संपेल म्हणता संपत नाही. जाड टोक केबिनच्या पाठीशी आवळलेलं असतं. गोल, आत माणूस सरळ उभा राहील एवढं. तिथून ते निमुळतं होत, थोडा पीळ खात, थोडं वाकत मागे जातं आणि शेवटी बारीक शेपटी होऊन हवेत तरंगतं. शेपटीला लाल फडकं. मागच्या चाकांना स्वतःचं सुकाणू असतं आणि ते सांभाळणारा माणूसही वेगळा. वळण आलं की पुढचा चालक वॉकीटॉकीवर इशारा देतो, मागचा आपली चाकं उलटी वळवतो, आणि दोघं मिळून ते धूड चौकातून अलगद काढतात. रस्त्यावर आडव्या आलेल्या केबल वर उचलून धरायला बांबू घेतलेली पोरं पुढे धावत असतात. एसटीतले प्रवासी खिडकीतून मोबाइल बाहेर काढतात. कुणीतरी शेजाऱ्याला सांगतं, ‘पंख्याचं पातं आहे.’

पुणे-हैदराबाद आणि धुळे-विजयपूर हे दोन राष्ट्रीय महामार्ग सोलापुरात एकमेकांना भेटतात. पवनचक्क्यांची पाती बनवणारे कारखाने गुजरात, मध्य प्रदेश, तमिळनाडू, आंध्र आणि कर्नाटकात आहेत. पवनचक्क्या उभ्या राहतात त्या धाराशिव, बीड, सांगली, विजयपूर या भागांतल्या माळांवर. साहजिकच या शहराच्या कडेने अशा वराती जात राहतात.

‘धागा’ हा विषय निघाला, की सोलापूर हे नाव ओघानेच येतं. चादर, टॉवेल, पूर्व भागातले यंत्रमाग, जुनी गिरणी. पण ट्रकवरून चाललेलं ते पातंही याच विषयात बसतं. कारण ते वरून प्लॅस्टिकसारखं दिसत असलं, तरी आत कापड आहे. थरावर थर दिलेलं, गोंदात भिजवून घट्ट केलेलं, काचेच्या धाग्याचं कापड. पवनचक्कीच्या पात्याचा गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा प्रवास पाहिला, तर तो कापडापासून सुरू होतो, लाकूड आणि पोलादाला वळसा घालतो आणि परत कापडाशी येऊन थांबतो.

शिडापासून सुरुवात

वाऱ्यावर वीज तयार करणारी पहिली यंत्रं उभी राहिली ती 1887 च्या सुमारास. स्कॉटलंडमधले प्राध्यापक जेम्स ब्लाइथ यांनी मेरीकर्क गावातल्या आपल्या सुट्टीच्या घराच्या बागेत एक पवनचक्की बांधली. तिची पाती म्हणजे कापडाची शिडं होती. त्या विजेवर त्यांच्या घरात दिवे लागले. जास्तीची वीज त्यांनी गावच्या रस्त्यावरच्या दिव्यांसाठी देऊ केली, तर गावकऱ्यांनी हे सैतानाचं काम म्हणून ती नाकारली.

त्याच्या दहा वर्षं आधी, 1877 मध्ये, सोलापुरात पहिली कापड गिरणी सुरू झाली होती. तीच पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाऊ लागली. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर या शहरात रुजले, हातमागावरून यंत्रमागावर आले, जेकार्डच्या भोकाभोकांच्या पुठ्ठ्यांवरून चादरीवर मोर आणि वेलबुट्ट्या उमटवू लागले. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं ते या हातांच्या जोरावर. पूर्व भागातल्या गल्लीतून चालताना यंत्रमागाचा खटखटाट अजूनही ऐकू येतो. तिथला माणूस कापड हातात घेतो, बोटांत चुरगाळतो, आणि ताणा किती ओढलेला आहे, बाणा कुठे सैल पडला आहे, हे सांगतो. पवनचक्कीचं पातं समजून घ्यायला याहून चांगली शाळा नाही.

कापड आणि वारा यांचं नातं भारतात तर थेट हिशेबाच्या वहीतून जुळलं. सूतगिरणीला किंवा मागाला वीज लागते आणि विजेचं बिल नफा खाऊन टाकतं, हे दुखणं सोलापूरच्या यंत्रमागधारकाला नवं नाही. सुरतेतले वस्त्रोद्योजक तुलसी तांती यांना तेच दुखणं होतं. त्यांनी आपल्या कारखान्यासाठी दोन पवनचक्क्या घेतल्या आणि पुढे कापडाचा धंदा बाजूला ठेवून 1995 मध्ये ‘सुझलॉन’ ही पवनचक्क्यांची कंपनी उभी केली. कंपनीचं मुख्यालय पुण्यात आलं. तमिळनाडूतही कोइमतूर-तिरुपूरच्या गिरण्यांनी स्वतःच्या विजेसाठी पवनचक्क्या लावल्या. भारतातल्या पवनऊर्जेच्या वाढीला कापडवाल्यांनी मोठा हात दिला, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

एकशे चव्वेचाळीसवरून तीनवर

ब्लाइथच्या पाठोपाठ अमेरिकेत क्लीव्हलंडला चार्ल्स ब्रश यांनी घरामागे जे चाक उभारलं, त्याला देवदाराच्या लाकडाची तब्बल 144 पाती होती. व्यास 17 मीटर. एवढं अवाढव्य चाक जास्तीत जास्त 12 किलोवॅट वीज द्यायचं. आज तेवढी वीज काही घरांच्या गच्चीवरचे सौर पॅनल देतात.

पाती जास्त तितका वारा जास्त पकडला जाईल, असं कुणालाही वाटेल. विहिरीतून पाणी उपसायचं असेल, तर ते खरंही आहे. पंपाचा दट्ट्या हलवायला हळू पण जोरकस फिरणारं चाक लागतं. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने 1960 च्या दशकात भारतीय शेतकऱ्यासाठी पाणी उपसणारी पवनचक्की तयार केली, तिलाही बारा पाती होती.

वीज तयार करायची तर गणित उलटं होतं. जनित्राला जोरापेक्षा वेग हवा असतो. डेन्मार्कमधल्या आस्कोव्ह गावच्या लोकशाळेतले शिक्षक पॉल ला कूर यांनी 1890 च्या दशकात हवेच्या बोगद्यात मॉडेलं ठेवून प्रयोग केले आणि दाखवून दिलं की विजेसाठी थोडी, सडसडीत आणि वेगाने फिरणारी पातीच बरी. दाटीवाटीने लावलेली पाती एकमेकांची हवा गढूळ करतात. पुढे जर्मनीत आल्बर्ट बेट्झ यांनी मर्यादाही काढून दिली: वाऱ्यातली जास्तीत जास्त 59.3 टक्के शक्तीच कुठल्याही चाकाला काढून घेता येते. सगळीच काढली, तर हवा चाकाच्या मागे जागच्या जागी थांबेल आणि पुढून येणाऱ्या वाऱ्याला वाटच उरणार नाही.

मग तीनच का? एक किंवा दोन पातीही चालतात, आणि सामान कमी लागतं म्हणून अनेकांनी करूनही पाहिली. पण दोन पात्यांचं चाक वाऱ्याची दिशा बदलल्यावर वळायला लागलं की हिसके देतं. पाती उभी असताना ते सहज वळतं, आडवी असताना अडतं. तीन पात्यांत हा हिसका विरतो. डोळ्यालाही ते फिरणं शांत वाटतं, आणि माणसांच्या वस्तीजवळ यंत्र उभं करायचं असेल, तर हेही महत्त्वाचं आहे.

पोलादाचं ओझं

मोठ्या यंत्राची पहिली धाडसी उडी 1941 मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात मारली गेली. ग्रँडपाज नॉब नावाच्या टेकडीवर उभारलेल्या स्मिथ-पटनम यंत्राची क्षमता सव्वा मेगावॅट होती. त्या काळी हे स्वप्नवत होतं. दोन पाती, स्टेनलेस स्टीलची, प्रत्येकी सुमारे वीस मीटर लांब आणि आठ टनांच्या आसपास वजनाची. मधे एक बेअरिंग बिघडलं, युद्धामुळे सुटा भाग मिळेना, म्हणून यंत्र दोन वर्षं बंद राहिलं. पुन्हा सुरू झालं आणि 26 मार्च 1945 रोजी एक पातं मुळातून तुटून पडलं.

पात्याला काय सोसावं लागतं ते या अपघातातून कळतं. पातं वर जाताना त्याचं वजन एका बाजूला ओढतं, खाली येताना दुसऱ्या बाजूला. एका फेऱ्यात एक पूर्ण हेलकावा. मिनिटाला बारा फेरे धरले आणि यंत्र अखंड फिरलं, तर वीस वर्षांत हा हिशेब साडेबारा कोटी हेलकाव्यांवर जातो. वारा पडलेले दिवस वजा केले तरी आकडा कोटींतच राहतो. तार पुढे-मागे वाकवत राहिलं की ती तुटते, हे प्रत्येक पोराला माहीत असतं. पोलादाचं तेच होतं.

दुसरी अडचण लांबीची. वारा पकडण्याचं क्षेत्र लांबीच्या वर्गाने वाढतं, वजन मात्र घनाने. त्या वीस मीटरच्या पोलादी पात्याची साधी मोठी नक्कल साठ मीटरची केली असती, तर वजन दोनशे टनांच्या पुढे गेलं असतं. नंतर प्रत्यक्षात साडेएकसष्ट मीटरचं पातं डेन्मार्कच्या एलएम कंपनीने बनवलं, त्याचं वजन अठरा टनांच्याही आत बसलं. हा एवढा फरक काचेच्या धाग्याने आणि तो कसा अंथरायचा या अकलेने पडला.

काचेचा धागा पात्यात पहिल्यांदा मनापासून वापरला तो जर्मन अभियंते उलरिश ह्यूटर यांनी, 1957 मध्ये, 34 मीटर व्यासाच्या यंत्रासाठी. खरी अडचण होती धातूच्या गाभ्याशी काच जोडायची कशी. ह्यूटर यांनी धाग्याच्या लडी बोल्टभोवती गुंडाळून परत पात्यात नेल्या. बैलाची वेसण जशी ओवून परत बांधतात, तशी ती युक्ती. त्याच वर्षी डेन्मार्कमध्ये योहानेस यूल यांचं गेडसर इथलं 200 किलोवॅटचं तीन पात्यांचं यंत्र सुरू झालं. त्याच्या पात्यांत पोलादी कणा, लाकडी फासळ्या आणि वर ॲल्युमिनियमचा पत्रा होता. ते दहा वर्षं चाललं. यूल यांचा आकार आणि ह्यूटर यांचं साहित्य एकत्र आलं, आणि आजची पवनचक्की जन्माला आली.

ते एकत्र आणण्यात मोठ्या कंपन्यांइतकाच वाटा साध्या माणसांचाही आहे. डेन्मार्कमधल्या ट्विंड इथल्या शाळांचे शिक्षक, विद्यार्थी आणि स्वयंसेवक यांनी 1975 ते 1978 या काळात 54 मीटर व्यासाची पवनचक्की स्वतःच्या हाताने बांधली, काचधाग्याची पाती स्वतः ओतली आणि हे ज्ञान कुलपात ठेवलं नाही. एलएम कंपनीच्या नावातली अक्षरंसुद्धा मुळात एका फर्निचर कारखान्याची आहेत. तिथले सुतार फर्निचरवरून काचधाग्याच्या होड्यांवर आले आणि 1978 मध्ये होड्यांवरून पात्यांवर. त्याच कंपनीने 2019 मध्ये 107 मीटरचं पातं बनवलं.

बाण्यावाचून कापड

आता ते कापड जवळून पाहू.

टॉवेलच्या धंद्यात कापडाची प्रत सांगताना पहिला प्रश्न असतो जीएसएमचा. एका चौरस मीटरला किती ग्रॅम? चांगला टर्किश टॉवेल चारशे ते सहाशेच्या घरात असतो. पात्याच्या कण्यासाठी वापरलं जाणारं काचकापड हजार-बाराशेचं असतं. हाताला ते गार, गुळगुळीत आणि चकचकीत लागतं, जरीच्या पदरासारखं. पण बाही खाली न ओढता हाताळलं, तर तासाभराने कोपरापासून खाज सुटते.

विणकराच्या डोळ्याला त्यात पहिली खटकणारी गोष्ट म्हणजे त्याला बाणा जवळजवळ नाहीच. सगळे धागे एकाच दिशेने, शेजारी शेजारी, कवायतीत उभे केल्यासारखे. ते विस्कटू नयेत म्हणून बारीक दोऱ्याने नुसते टाचलेले. कारखान्यात याला ‘यूडी’ म्हणतात. असं का, हे मागावर बसणाऱ्याला लगेच उमगतं. विणलेल्या कापडात ताण्याचा धागा बाण्याच्या वरून, मग खालून, मग वरून असा नागमोडी जातो. कापड ओढलं की आधी ही नागमोड सरळ होते, मगच धागा खरा ताण घेतो. टॉवेलला हे चालतं. उलट टॉवेलला मुद्दाम फासे ठेवतात, पाणी शोषायला. पण वाऱ्याच्या रेट्याने सत्तर मीटर लांब पातं वाकतं, तेव्हा धाग्याला सरळ व्हायला वेळ देता येत नाही. त्याने पहिल्या क्षणापासून ताण पेलला पाहिजे. म्हणून तिथे नागमोडच ठेवायची नाही.

मग पीळ कोण सोसणार? त्यासाठी दुसरं कापड असतं, ‘बायॅक्स’. त्यात धागे पात्याच्या लांबीला 45 अंशांत, दोन्हीकडून तिरपे. शर्ट शिवताना शिंपी तिरपी पट्टी वेगळी का कापतो, ते ज्याला माहीत आहे त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. कापड तिरपं ओढलं की वेगळं वागतं. पात्याच्या वरच्या सालीला आणि आतल्या आडव्या भिंतींना हे तिरपं कापड, आणि लांबीच्या दिशेने वाकणं सोसणाऱ्या पट्ट्यांना ते सरळ यूडी. या पट्ट्यांना ‘स्पार कॅप’ म्हणतात. घराच्या आढ्यासारखं त्यांचं काम. मुळाजवळ त्यांच्यात कापडाचे कित्येक डझन थर असतात, टोकाकडे जाताना एकेक थर कमी होत जातो. मधल्या पोकळ भागात साल पिचू नये म्हणून बाल्सा लाकडाचे किंवा फोमचे ठोकळे भरतात. बाल्सा मुख्यतः दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरहून येतं आणि ते इतकं हलकं असतं की हातात घेतल्यावर लाकूड वाटत नाही.

पात्याचे दोन उभे भाग दोन लांबलचक साच्यांत तयार होतात. आधी साच्याला रंगाचा लेप, मग कापडाच्या गुंडाळ्या उलगडत नेतात. इतक्या मोठ्या यंत्राचं हे काम अजूनही बरंचसं हाताने होतं. आयटीआय करून आलेली मुलं गुडघ्यांवर बसून, तळहाताने पुसत पुसत कापड बसवतात. एक सुरकुती राहिली तर ती पुढे गोंदात गोठते, आणि त्या जागी धागा पुन्हा नागमोडी होतो. नेमकी तीच जागा काही वर्षांनी तडकू शकते. कापड अंथरून झालं की वर प्लॅस्टिकची चादर घालून हवा शोषून घेतात. एका बाजूने रेझिन, म्हणजे हाच गोंद, सोडलं की निर्वातामुळे ते आपोआप कापडात खेचलं जातं. पाणी शोषणाऱ्या वातीसारखं ते पुढे सरकताना दिसतं. काही तास ऊब देऊन ते घट्ट होतं. मग आतल्या भिंती चिकटवून, दुसरा अर्धा भाग मोदकाच्या साच्यासारखा पहिल्यावर मिटवतात.

या कामात चूक झाली तर किंमत मोठी असते. सुझलॉनच्या 2.1 मेगावॅट यंत्रांच्या काही पात्यांना अमेरिकेत तडे गेले, तेव्हा 2008 मध्ये कंपनीला 1,251 पाती मजबूत करून देण्याचा कार्यक्रम जाहीर करावा लागला. त्याआधी काही वर्षं कंपनीने पात्याचं तंत्र नेदरलँड्समधून आत्मसात केलं होतं. शिकणं आणि वाढणं एकाच वेळी, भरधाव वेगात चाललं होतं. भारतीय पात्यांनी पुढे जी लांबी गाठली, तिच्यामागे असे महागडे धडेही आहेत, आणि ते लपवण्याचं काही कारण नाही.

पावसातली मोटरसायकल

ट्रकवरच्या पात्याला पीळ का असतो? पाऊस सरळ पडत असताना मोटरसायकल उभी असेल, तर थेंब डोक्यावर पडतात. गाडी जोरात निघाली की तेच थेंब तोंडावर येतात. पाऊस बदललेला नसतो, आपला वेग बदललेला असतो. पात्याचं मूळ हळू फिरतं, म्हणून त्याला वारा समोरून आलेला भासतो. टोक प्रचंड वेगाने फिरतं, म्हणून त्याला तोच वारा आपल्याच धारेवर आदळताना दिसतो. 144 मीटर व्यासाचं चाक मिनिटाला दहाच फेरे फिरलं, तरी टोकाचा वेग ताशी 270 किलोमीटर होतो. लांबून पाहणाऱ्याला ते आळसात फिरल्यासारखं वाटतं. प्रत्येक हाताला वाऱ्याची दिशा वेगळी, म्हणून प्रत्येक हाताला पात्याचा कोनही वेगळा. त्यातून तो पीळ येतो.

पातं बाहेरच्या बाजूला किंचित धनुष्यासारखं वाकवलेलं असतं तेही मुद्दाम. वारा जोराचा आला की ते मागे दबतं. आधीच पुढे वाकलेलं नसेल, तर खांबाला धडकेल.

पहिली डॅनिश यंत्रं जोराच्या वाऱ्यात स्वतःला सावरायची ती पात्याच्या आकारावर विसंबून. वारा ठरावीक वेगापुढे गेला की पात्याच्या पाठीवरची हवा सुटायची आणि ओढ आपोआप कमी व्हायची. नंतर प्रत्येक पातं स्वतःच्या अक्षाभोवती फिरवण्याची सोय झाली, तिला ‘पिच’ म्हणतात. उपणताना वारा वाढला की सूप तिरपं करणाऱ्या बाईचा हात जे करतो, तेच इथे मोटार करते.

पावणेदोन गुंठे, साडेआठ गुंठे, चार एकर

महाराष्ट्रातला हा प्रवास गुंठ्यात मोजला तर चटकन कळतो. 1980 च्या दशकात सिंधुदुर्गातल्या देवगडला, समुद्राच्या काठावर, 55 किलोवॅटची यंत्रं बसवली गेली. त्या जातीच्या यंत्राचा व्यास पंधरा मीटरच्या आसपास असायचा. त्याच्या पात्यांनी कवेत घेतलेला वारा पावणेदोन गुंठ्यांचा. पुढे 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून साताऱ्यातल्या वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारांवर 350 किलोवॅटची सुझलॉनची यंत्रं रांगेने उभी राहिली. त्यांचा व्यास सुमारे 33 मीटर, म्हणजे साडेआठ गुंठे. आता भारतात उभारल्या जाणाऱ्या यंत्रांपैकी सुझलॉनच्याच एस-144 या यंत्राचा व्यास 144 मीटर आहे. त्याची पाती एका वेळी चार एकर वारा घुसळतात.

आणखी एक गोष्ट या आकड्यांत दडली आहे. 350 किलोवॅटवरून सव्वातीन मेगावॅटच्या जवळ जाताना जनित्र नऊपट झालं, पण पात्यांचं क्षेत्र एकोणीस पट वाढलं. म्हणजे तेवढ्याच जनित्रासाठी आता दुपटीहून जास्त वारा गोळा केला जातो. हे भारताच्या मंद वाऱ्यासाठी केलेलं काम आहे. युरोपात समुद्राकाठी वारा वर्षभर वाहतो. इथे आषाढ-श्रावणात तो अंगावर येतो आणि दिवाळीनंतर गप्प होतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच वर्षाच्या विजेचा मोठा हिस्सा पदरात पाडून घ्यावा लागतो, आणि उरलेल्या आठ महिन्यांत झुळुकीलाही सोडून चालत नाही. लांब पातं झुळुकीवर फिरू शकतं.

म्हणूनच पवनचक्की सह्याद्रीच्या कड्यावरून खाली उतरली. जुन्या यंत्रांना पठाराची धार लागायची, जिथे वारा कड्यावर आपटून उसळतो. आता खांब 140 मीटर आणि त्याहून उंच असतात. सोलापूरकरांना या उंचीचा अंदाज यावा म्हणून: सिद्धेश्वर साखर कारखान्याची सहवीजनिर्मितीची जी चिमणी जून 2023 मध्ये विमानतळाच्या वादातून पाडली गेली, ती नव्वदेक मीटर उंच होती. तिच्यावर तिच्याच निम्म्या उंचीची आणखी एक चिमणी ठेवावी, तेव्हा आजच्या पवनचक्कीचा गाभा येईल. पातं त्याच्याही वर सत्तर मीटर जातं. तिथे जमिनीचा अडसर नसतो आणि वारा खालच्यापेक्षा बराच वेगवान असतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट होते, त्यामुळे थोड्याशा वाढीलाही मोल आहे. बालाघाटच्या सपाट डोक्यावर, ज्वारी-सोयाबीनच्या रानात, पूर्वी कुणी पवनचक्की उभारली नसती. आता त्या तिथे दिसतात. त्यांच्याबरोबर रुंद केलेले रस्ते, क्रेनसाठी मुरूम टाकून दाबलेली जागा, बांधांवरून ओढलेल्या तारा आणि मोबदल्याचे वादही आले. पातं जितकं लांब, तितकं वळण मोठं लागतं, आणि ते कुणाच्या तरी शेतातूनच काढलं जातं. लांबीचं कौतुक करताना त्या शेतकऱ्याचा हिशेब चोख झाला पाहिजे.

नान्नजच्या माळावरून

सोलापूरपासून जवळच नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे. 1979 मध्ये हा माळ राखीव झाला. अलीकडच्या वर्षांत तिथे माळढोक दिसणं ही बातमी होते. या जड पक्ष्याची नजर बाजूला चांगली चालते, सरळ पुढे कमी. उडताना आडव्या आलेल्या वीजवाहिन्या त्याला वेळेत दिसत नाहीत. त्यामुळे पात्यांपेक्षा तारांचा धोका त्याला जास्त मानला जातो. पण फिरत्या पात्यांचा धोका इतर पक्ष्यांना आहेच. वेगामुळे टोकाशी पातं धूसर होऊन जातं.

नॉर्वेतल्या स्मोला बेटावर यावर एक साधा प्रयोग झाला. चार पवनचक्क्यांचं एकेक पातं काळं रंगवलं. तीनपैकी एक काळं असल्यामुळे चाक लुकलुकतं आणि पक्ष्याला दिसतं. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पक्षी मरण्याचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास घटलेलं आढळलं. प्रयोग लहान होता, हे खरं. पण उन्हात काळं पातं किती तापेल आणि त्याचा रेझिनवर काय परिणाम होईल, हे पाहायला मे महिन्यातल्या सोलापूरइतकी योग्य जागा मिळणार नाही. माळरानाच्या या भागात तो करून बघायला हवा.

रफू

पात्याचा खरा शत्रू मोठा नसतो. ताशी अडीचशे-तीनशे किलोमीटरने जाणाऱ्या धारेवर पावसाचा थेंब आपटतो, तेव्हा तो खड्यासारखा लागतो. माळावरची धूळही तशीच. काही वर्षांत धारेवरचा रंग उडतो, मग लेप, मग कापड उघडं पडतं. किडेसुद्धा त्रास देतात. कॅलिफोर्नियातल्या पवनचक्क्या तेवढ्याच वाऱ्यात कधी कमी तर कधी जास्त वीज का देतात, हे कोडं बरीच वर्षं सुटत नव्हतं. 2001 मध्ये दोन डच संशोधकांनी ते उलगडलं: शांत हवेत उडणारे किडे धारेवर चिकटतात, आणि जोराच्या वाऱ्यात त्या खरबरीतपणामुळे वीज निम्म्यापर्यंत घटू शकते. सुरुवातीच्या पात्यांचे आकार विमानाच्या पंखांवरून उसने घेतलेले होते. धार मळली तरी काम देतील असे खास आकार पुढच्या पात्यांत रुळले.

आभाळातल्या विजेचं संकट वेगळं. वळवाच्या पावसात माळावर सगळ्यात उंच तेच उभं असतं. म्हणून टोकात धातूची चकती बसवून आतून तांब्याची तार मुळापर्यंत नेतात. आत पाणी साचलं आणि वीज पडली, तर त्या पाण्याची क्षणात वाफ होऊन पातं फाटतं. त्यासाठी टोकाशी एक बारीक भोक ठेवलेलं असतं, पाणी निथळायला.

आणि म्हातारी झालेली पाती? रेझिन एकदा घट्ट झालं की ते वितळत नाही, त्यामुळे पातं भंगारात विकून टाकता येत नाही. सोलापुरात चिंध्यांचीही वाकळ होते, पण या कापडाची अजून सहजासहजी होत नाही. युरोपात काही पाती तुकडे करून सिमेंटच्या भट्टीत घालतात. रेझिन जळण होतं आणि काच सिमेंटात मिसळते. आयर्लंडमध्ये जुन्या पात्यांवर पादचारी पूल उभा राहिला आहे. सीमेन्स गमेसाने 2021 मध्ये असं पातं आणलं, ज्याचं रेझिन सौम्य आम्लात सोडवून धागा परत मिळवता येतो. साताऱ्याच्या पठारांवरची पहिली पिढी आता पंचवीस वर्षांच्या आसपास आहे, आणि जुनी यंत्रं काढून नवी बसवण्याचं केंद्राचं सुधारित धोरण 2023 मध्ये आलं. त्यामुळे त्या हजारो छोट्या पात्यांचं काय करायचं हा प्रश्न दाराशी उभा आहे. कापड ओळखणारी एवढी माणसं ज्या राज्यात आहेत, तिथे या कामाचा उद्योग उभा राहू शकतो.

तोवर जी पाती फिरत आहेत, ती सांभाळावी लागतात. उन्हाळ्यात, मृगाचा वारा सुटायच्या आधी, दुरुस्तीची पथकं माळावर येतात. ड्रोनने फोटो काढून ठेवलेले असतात, कुठे किती इजा आहे ते ठरलेलं असतं. चाक थांबवून एक पातं सरळ खाली लोंबतं ठेवतात. दोन मुलं दोराला लटकून वरून खाली येत त्याच्या धारेशी थांबतात. खराब भाग घासून काढतात, पण खड्डा पाडत नाहीत. कडा लांबवर उतरत्या ठेवतात. त्यावर ठिगळ बसतं थराथराने. पहिला तुकडा लहान, त्याच्यावरचा थोडा मोठा, त्याच्यावरचा आणखी मोठा, आणि प्रत्येकाचे धागे खालच्या थरातल्या धाग्यांच्याच दिशेने. दिशा चुकली तर ठिगळ धरत नाही.

ते तुकडे खाली जमिनीवर कापले जातात. गाडीच्या सावलीत ताडपत्री अंथरलेली असते. तिच्यावर काचेचं कापड पसरून एक जण मोठ्या कात्रीने लंबगोल तुकडे काढतो, मार्करने त्यांच्यावर आकडा आणि धाग्याची दिशा दाखवणारा बाण काढतो, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडतो. रेझिन आणि हार्डनर वजनकाट्यावर तोलून कपात ढवळतो. ते घट्ट व्हायच्या आत वर पोचायला हवं असतं. सगळं पिशवीत भरून दोराने वर जातं. साडेअकरा-बाराच्या पुढे वारा वाढू लागला की वरून हाक येते आणि मुलं उतरू लागतात. खालचा माणूस उरलेली कापडाची गुंडाळी प्लॅस्टिकमध्ये बांधून डब्यात ठेवतो आणि झाकण दाबून बघतो, कारण या कापडाला दमट हवा चालत नाही.